बाख, बल्लाळेश्वर आणि माझं कॉम्प्युटर टेबल

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. रोह्याला आमच्या घरी माझा कॉम्प्युटर ज्या टेबलावर आहे, ते टेबल नाही. ती माझ्या आजोबांची पायपेटी आहे. म्हणजे होती. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मला टेबल हवं होतं, बाबा म्हणाले नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत, आणि माळ्यावर हे धूड पडून होतं. भाता उंदरांनी खाल्लेला, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. मी आणि माझ्या चुलतभावाने एका दुपारी तिचं पोट रिकामं केलं. सूर, पट्ट्या, स्प्रिंगा सगळं एका गोणपाटात भरलं, वर प्लायवुडची फळी ठोकली आणि त्यावर मॉनिटर ठेवला. उंची अगदी बरोबर आली. मला तेव्हा आपण फार मोठं इंजिनीअरिंग केलं असं वाटलं होतं.

आजी काहीच बोलली नाही. फक्त एकदा फडक्याने पुसता पुसता म्हणाली, "मजबूत आहे हो. सागवानी आहे."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या सेमिस्टरच्या शेवटी मी आणि माझा रूम पार्टनर मुंबईला एका जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन ऐकायला गेलो होतो. तो पेणचा, मी रोह्याचा. हॉस्टेलवरच्या एका गोव्याच्या मित्राने सांगितलं, युरोपातल्या एका कॅथेड्रलचा ऑर्गनवादक येतोय, प्रवेश फुकट आहे, जा. 'फुकट' हा शब्द इंजिनीअरिंगच्या पोराला पुरेसा असतो. सुट्टीवर घरी होतो, त्यामुळे मी रोह्याला दिव्याच्या गाडीत बसलो, तो पेणला चढला, आणि दिव्याहून लोकल पकडून आम्ही पोहोचलो.

परत आल्यावर वर्गात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "चर्चमध्ये? तू कशाला गेलास?" दुसरा, "झोप लागली का?" आणि तिसरा, जरा गंभीर मुलाने विचारलेला, "आपला काय संबंध त्या संगीताशी?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन झालीत. (ऐकायला. आणि नाही, पण पार्टनरला पाच मिनिटं लागली होती.) हा लेख तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण शेवटी आपण इंजिनीअर आहोत. पाइप ऑर्गन म्हणजे हजारभर बासऱ्या आणि त्या फुंकणारं एकच फुप्फुस. खाली भाते असतात. पूर्वी ते माणसं चालवत, आता विजेचा ब्लोअर असतो. भात्यातली हवा एका मोठ्या बंद पेटीत कायम ठरावीक दाबाने भरलेली राहते. हा दाब फार नसतो, पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम काही सेंटिमीटर. पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते आणि नळी बोलते. जुन्या, म्हणजे बरोक काळातल्या ऑर्गनमध्ये पट्टीपासून झडपेपर्यंत नुसत्या लाकडी पट्ट्या आणि तारा यांची जोडणी असते. लिंकेज! थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण जे रडत रडत शिकतो ते. बाजूला जी खुंट्यांसारखी बटणं असतात त्यांना स्टॉप म्हणतात. एकेक स्टॉप ओढला की नळ्यांची एकेक पूर्ण रांग चालू होते. कोणती रांग लाकडी, मऊ आवाजाची. कोणती कथिल आणि शिशाच्या मिश्रणाची, धारदार. कोणती सनईसारखी जिभेची.

आणि मंद्र सूर पायाने वाजतात. खाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक अख्खा कीबोर्ड असतो, तो वादक बुटांच्या टाचेने आणि चवड्याने वाजवतो. सगळ्यात खालच्या सुराची नळी सोळा फूट उंच असते, काही मोठ्या ऑर्गनमध्ये बत्तीस फूट. बारावीत रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल आठवतं? दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीचं सूत्र लावा, सोळा फुटाला सुमारे ३५ हर्ट्झ येतात. ती त्रासदायक एंड करेक्शन धरली की ३३ च्या जवळ. ज्या एंड करेक्शनचे दोन मार्क मी घालवले होते, ती मला चर्चच्या बाकाखालून मांड्यांना जाणवली. त्या सुराला आधी बाकच थरथरतं, ऐकू त्यानंतर येतं.

आणखी एक गंमत म्हणजे ऑर्गनचा जनक कुणी गवई नव्हता. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा क्टेसिबियस नावाचा माणूस होता. त्याने पंप बनवले, पाण्याची घड्याळं बनवली आणि पाण्याच्या दाबावर हवा स्थिर ठेवणारा पहिला ऑर्गन बनवला. म्हणजे शुद्ध हायड्रॉलिक्सवाला. ऑर्गन चर्चमध्ये गेला तो त्यानंतर हजारएक वर्षांनी. तेव्हा हे वाद्य कुणाच्या बापाचं असेल, तर आधी आपल्या डिपार्टमेंटचं.

आता कार्यक्रमाबद्दल. पहिला धक्का म्हणजे वादक दिसतच नाही. ऑर्गन मागे वरच्या सज्ज्यात, आपण पुढे तोंड करून बसलेले. आपल्याकडे बैठकीत गवयाचा हात, तोंड, तबलजीकडे बघून केलेलं हसू, यावर निम्मी दाद जाते. इथे समोर फक्त भिंत आणि मेणबत्त्या. दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की बघण्यासारखं काही नसलं की कान आपोआप कामाला लागतात.

पहिली मोठी रचना होती बुक्सटेहुडे या सतराव्या शतकातल्या संगीतकाराची, पासाकाल्या नावाची. पायांनी एक छोटीशी धून सुरू झाली. परत तीच. परत तीच. मी मनात म्हटलं, अडकली वाटतं. मग वर हातांनी वेगवेगळं काम सुरू झालं आणि एकदम प्रकाश पडला. अरे, हा तर लेहरा! तबल्याच्या सोलोत पेटीवाला जसा एकच नगमा न कंटाळता फिरवत राहतो आणि वर तबलजी कायदे, रेले मांडतो, अगदी तसं. फरक एवढाच की इथे लेहरा धरणारा आणि वर खेळणारा एकच माणूस. लेहरा पायात आणि कायदा हातात. ती धून एकूण २८ वेळा येते, सात-सातच्या चार भागांत, आणि मधल्या भागांत तिचा षड्जच बदलतो. हे नंतर वाचून कळलं. तिथे मोजायचा प्रयत्न केला, अकरानंतर चुकलो.

या बुक्सटेहुडेची गोष्ट प्रत्येक डिफॉल्टर विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे. १७०५ साली जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये एक वीस वर्षांचा पोरगा ऑर्गनवादकाची नोकरी करत होता. त्याने बुक्सटेहुडेला ऐकायचं म्हणून चार आठवड्यांची रजा मागितली आणि ल्युबेकला गेला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि गेला पायी. परत आला चार महिन्यांनी. चर्चच्या मंडळींनी त्याला बोलावून झाप झाप झापलं. एक म्हणजे अटेंडन्स, आणि दुसरं म्हणजे परत आल्यापासून हा प्रार्थनेच्या साध्या चालींत असल्या विचित्र जागा घेतो की लोकांना गाताच येत नाही. या पोराचं नाव योहान सेबास्टियन बाख. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. चारशे किलोमीटर म्हणजे रोह्यापासून जवळपास गोव्यापर्यंत. आम्ही दोघं शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेही बसून, गेलो तर वर्गाने विचारलं कशाला गेलास.

बाखचा फ्यूग हा प्रकार समजावून सांगणं कठीण, पण पेणकरांना सोपं जाईल. गणपतीत संध्याकाळी एका आळीत आरती सुरू होते. ती दुसऱ्या ओळीवर पोहोचते तोवर पुढच्या आळीत तीच आरती पहिल्यापासून सुरू होते. मग तिसऱ्या घरात, जरा वरच्या पट्टीत. मधल्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला एकाच वेळी सगळ्या ऐकू येतात आणि त्याचं डोकं फिरतं. बाखने काय केलं, तर धूनच अशी बांधली की मागून पुढून कुठूनही आली तरी एकमेकींवर आपटत नाहीत, उलट एकमेकींना धरून उभ्या राहतात. चौकातला गोंधळ नाही, चौकातली इमारत. माझा पार्टनर या आरतीच्या उदाहरणाचा मूळ मालक आहे. झोपेतून उठल्यावर त्याला हे सुचलं, त्यामुळे त्याला झोप माफ.

शेवटी ती सुप्रसिद्ध डी मायनरमधली टोकाटा झाली. नाव माहीत नसलं तरी तुम्ही ती ऐकलेली आहे. भुताच्या सिनेमात वाड्याचं दार करकरत उघडलं की जी वाजते ती. ती खरंच बाखचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण मोबाइलच्या स्पीकरमधून ऐकलेली ती आणि दगडी छताखाली ऐकलेली ती, यांत आंब्याचं इसेन्स आणि हापूस एवढा फरक आहे. शेवटचा सूर सोडल्यावर वादकाचे हात उचललेले असतात आणि इमारत पुढची दोन-तीन सेकंद स्वतःच वाजत राहते. ते फाइलमध्ये येत नाही.

आता मूळ प्रश्न. आपला काय संबंध?

आमची कुंडलिका नदी रोह्यावरून वाहत जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या एका काठाला रेवदंड्याचा कोट, समोर कोर्लईचा किल्ला. दोन्ही पोर्तुगीजांचे. दोनशेहून जास्त वर्षं ते तिथे होते, १७४० मध्ये तह झाला आणि ते गेले. कोर्लई गावात आजही ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली स्वतःची एक भाषा बोलतात. तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. रेवदंड्याला चर्चच्या पडक्या भिंती आणि तो उंच मनोरा आपण ट्रिपला जाऊन बघतो, फोटो काढतो, सोलकढी पिऊन परत येतो. पण तारखा लावून बघा. बाखचा जन्म १६८५ चा आणि मृत्यू १७५० चा. म्हणजे तो ज्या काळात जर्मनीत बसून हे फ्यूग लिहीत होता, त्याच काळात आमच्या नदीच्या मुखाशी चर्चमध्ये प्रार्थना गायल्या जात होत्या. बरोक हा शब्द पुस्तकात फार लांबचा वाटतो. खरं तर तो एसटीच्या एका तिकिटावर होता.

बरं, ते गेले तेव्हा सगळं घेऊन गेले का? नाही. पालीच्या बल्लाळेश्वराला आपल्यापैकी बहुतेक जण पेपरच्या आधी जाऊन आलेले आहेत (आणि निकालानंतर परत गेलेले कमी). तिथली ती मोठी घंटा आठवते? ती युरोपात ओतलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या बऱ्याच घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. पालीची त्यातलीच मानतात, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली तशीच. विजयाची खूण म्हणून आणल्या हे खरं, पण वितळवल्या नाहीत, टांगल्या. जो आवाज चांगला आहे तो देवाला चालतो, एवढं साधं त्या लोकांना कळत होतं. आज ती घंटा परकी आहे असं पालीला कुणी म्हणून बघावं.

पेटीचं तर काय सांगायचं. युरोपातल्या गावोगावच्या छोट्या चर्चना नळ्यांचा ऑर्गन परवडत नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकात नळ्यांच्या जागी पितळेच्या जिभा, म्हणजे आपण ज्याला सूर म्हणतो ते बसवून, पायाने भाता मारायची छोटी वाद्यं निघाली. पॅरिसच्या देबँने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांनी ती इथे आणली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून हाताने भाता मारायची पेटी बनवली, आणि पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर आहे. भजन पेटीशिवाय नाही, कीर्तन पेटीशिवाय नाही, कव्वाली नाही, लावणी नाही. पायाची मोठी पेटी आणि तिचा भाऊ ऑर्गन संगीत नाटकात गेला. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. जर्मन-अमेरिकन चर्चसाठी बनलेली पेटी, उत्तरेतला तबला, आणि पुढे नऊवारीत गाणारे नारायणराव. याला आपण 'अस्सल मराठी' म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

यावर कुणी म्हणेल, पेटी आपली झाली कारण तेव्हा कुणी अडवलं नाही. चूक. अडवलं होतं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर चक्क बंदी घातली. परकं वाद्य, मींड निघत नाही, श्रुती चुकतात, ही कारणं. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! तेवढ्या काळात गावागावातल्या भजनीबुवांनी रेडिओ ऐकला आणि पेटीही वाजवली. आपलं काय आणि परकं काय हे शेवटी ऑफिसात ठरत नाही.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हेही लक्षात घ्या. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. आमच्याच पेण-अलिबागच्या बेने इस्राएल लोकांनी, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, बायबलमधल्या मोशे-योसेफाच्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या. आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन, व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईला आली आणि त्यांनी हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभा केला. 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव कुणा पटकथाकाराने हवेतून काढलेलं नाही. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. गॅदरिंगमध्ये त्या गाण्यावर नाचताना आपण सगळे थोडेसे त्या चर्चच्या शाळेत असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आकाशवाणीवाले अगदीच चुकीचं बोलत नव्हते. पट्टीच्या वाद्यात मींड नाही. आणि बारा सारखे भाग केलेल्या सप्तकातला गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. सेंटमध्ये मोजलं तर ४०० विरुद्ध ३८६. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते खटकतं. पण नंतर वाचताना कळलं की बरोक काळातले ऑर्गनवाले नेमक्या याच गंधारासाठी भांडत होते. त्यांच्याकडे तिसरा सूर शुद्ध ठेवून लावायची एक जुनी पद्धत होती, तिच्यात काही पट्ट्या अतिशय गोड लागत आणि एक-दोन इतक्या बेसूर की त्यांना ते 'लांडगा' म्हणत. म्हणजे आपली अडचण तीच त्यांची अडचण, हजारो किलोमीटरवर आणि एकमेकांना न विचारता. याला संबंध नाही म्हणायचं तर संबंध म्हणजे काय?

इथपर्यंत लेख संपला असता तर बरं झालं असतं. मी मोठा रसिक ठरलो असतो. पण कार्यक्रम संपल्यावर एक झालं.

लोक पांगल्यावर आम्ही सज्ज्याचा जिना चढून ऑर्गन बघायला गेलो. पाहुणे वादक कुणाशी तरी बोलत होते. तिथलेच एक वयस्कर गृहस्थ टॉर्च घेऊन मागच्या बाजूला काहीतरी तपासत होते. आम्ही इंजिनीअरिंगचे म्हटल्यावर ते खूश झाले आणि त्यांनी आतलं दाखवलं. चामड्याचे तुकडे, लाकडी पट्ट्या, नळ्यांचं जंगल. मुंबईच्या दमट हवेत चामडं कडक होतं, लाकूड फुगतं, वाळवी आणि उंदीर तर आहेतच. तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो, साध्या नळ्या वर चढतात, जिभेच्या नळ्या मात्र जवळपास जागेवरच राहतात, त्यामुळे मे महिन्यात दोघींचं भांडण. मी विचारलं, "अंकल, हे सगळं दुरुस्त कोण करतं?"

ते म्हणाले, "बाबा, वाजवायला शिकायला पोरं येतात अजून. दुरुस्ती शिकायला कोण येत नाही. तू इंजिनीअर ना? तुझ्या घरी आहे काय एखादं वाद्य?"

मी "नाही" म्हणालो.

पार्टनरने माझ्याकडे बघितलं. तो रोह्याच्या घरी चारदा राहिलेला आहे. ते टेबल काय आहे हे त्याला माहीत आहे. तो काही बोलला नाही, पण पनवेलहून एसटीत बसल्यावर म्हणाला, "गोणपाट टाकलं नाहीस ना अजून?"

टाकलं नव्हतं. आजीने टाकू दिलं नव्हतं. ते तिच्या कपाटाच्या वर होतं. मी मागितल्यावर तिने विचारलंसुद्धा नाही कशाला. "तुझे आजोबा," एवढंच म्हणाली, "पावसाळ्यात भात्याजवळ जळता दिवा ठेवायचे. ओल धरू नये म्हणून."

आता मुद्द्याचं. ऑर्गन ऐका, बाख ऐका, यूट्यूबवर हवं तेवढं आहे, हे मी सांगणार नाही. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. मुंबईत फोर्टचं १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल इथे पाइप ऑर्गन आहेत, कधी कार्यक्रम असला तर जरूर जा. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याला वाटतं परंपरा टिकवायची म्हणजे भाषणं करायची, दिंडी काढायची, ट्रॅडिशनल डेला फेटे बांधायचे. आणि त्याच वेळी पेण-रोह्याच्या माळ्यांवर, शाळांच्या अडगळीत, देवळांच्या भजनाच्या खोलीत पायपेट्या पडून आहेत. त्यांचं काय बिघडलंय? भाता फाटलाय, चामडं सुकलंय, दोन-चार सूर गंजलेत, पट्टी अडकते. यातली एकही गोष्ट आपल्या वर्कशॉपच्या बाहेरची नाही. जे वाद्य तीस वर्षांच्या बंदीने मेलं नाही, ते आपल्या टेबलाच्या गरजेने मरतंय.

गणित करून बघितलं तर खर्चही फार नाही. चामडं मिळतं. सूर गुजरातेत पालिताण्याला अजून बनतात. सूर लावायला कानाची तालीम हवी हे खरं, पण सुरुवात करायला मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो. जिभेचं टोक कानशीने किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. व्हायब्रेशनच्या पेपरला हेच तर येतं, टोकाचं मास कमी, फ्रीक्वेन्सी जास्त. मुळाचा स्टिफनेस कमी, फ्रीक्वेन्सी कमी. फायनल इयरला दरवर्षी तीच ती चार प्रोजेक्टं विकत आणून, कव्हर बदलून सबमिट करणाऱ्यांनो, एक जुनी पेटी बोलती करा. हवेचा दाब मोजा, गळती शोधा, प्रत्येक सुराची फ्रीक्वेन्सी आधी-नंतर लिहा. एक्स्टर्नलला बोलताही येणार नाही, कारण डेमो तो स्वतःच्या कानांनी ऐकेल. आणि पेणच्या मित्रांना काय सांगायचं? ज्या गावात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात घरोघर आहेत, तिथे एक भाता शिवता येऊ नये?

माझ्या पेटीचा रिपोर्ट देऊन थांबतो. फळी काढली. मॉनिटर सध्या अभ्यासाच्या खुर्चीवर आणि मी जमिनीवर. दोन लाइनची पेटी, ९८ सूर. गोणपाटात ९४ सापडले. चार मी आणि चुलतभावाने बहुधा त्या दुपारीच हरवले. धुऊन, घासून बसवले. नवा भाता पार्टनरने शिवला, दोनदा फाटला, तिसऱ्यांदा टिकलाय. आज ७३ सूर बोलतात. २१ गप्प आहेत. काळी चारमधून वर जाताना मधेच एक दात पडल्यासारखी जागा येते. आजीने ऐकलं आणि सांगितलं की अजून सूर लागलेले नाहीत. ती सांगते तेव्हा ट्यूनरही तेच सांगतो.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी कळवा. टेबल करायच्या आधी तर नक्कीच कळवा. आम्ही दोघं मंगळवार-गुरुवार चारनंतर मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये असतो. आणि खालच्या सप्तकातला कोमल धैवत कुणाकडे सुटा पडलेला असेल, तर तो मला आत्ताच हवा आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल